मायच्या मापाचा कोट

पऱ्हाटीला बोंडं फुटली की वर्तमानपत्रांत कापसावर लेख येऊ लागतात. पांढरं सोनं म्हणे. रान हसतं म्हणे. असं लिहिणाऱ्याने एकदा पौषातल्या सकाळी आमच्या रिठदच्या शिवारात यावं, दवाने भिजलेल्या पऱ्हाटीत कमरेपर्यंत शिरावं आणि ऊन चढेपर्यंत वेचावं. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून लाकडासारख्या टणक होतात आणि प्रत्येक पाकळीला टोक असतं. ते मनगटाला लागतं, कोपराला लागतं, चोळीच्या बाहीखालच्या उघड्या दंडाला लागतं. वर दवाचं पाणी ओरखड्यात झोंबतं. कापूस मऊ असतो, हे गादीवर झोपणाऱ्याला ठाऊक. वेचणारीला टोकं ठाऊक.

म्हणून बाया नवऱ्याचे सदरे घालतात. लुगड्यावरून, चोळीवरून, नवऱ्याने टाकून दिलेला, पाठीत विरलेला, गळपट्टी उसवलेला सदरा. बाह्या बोटांच्या खाली येतात म्हणून त्या दुमडायच्या. दुमडलेल्या बाहीत बोंडाचा कचरा साठतो आणि दिवसभर टोचत राहतो. छातीवर गुंडी लागत नाही म्हणून सुतळी बांधायची. खांदे दंडापर्यंत उतरलेले. लांबून पाहिलं तर वाटावं, फाटक्या पुरुषांची रांग शेतात वाकली आहे. हा पोशाख कुठल्या चित्रात नाही, कुठल्या गाण्यात नाही. हिवाळाभर वऱ्हाडातल्या बाया तो घालतात, आणि तो पोशाख आहे असं कुणी म्हणत नाही.

यंदाही बोंडं फुटली आहेत. मी केनवडच्या बाजारात कडुनिंबाखाली पोतं अंथरून शिवायला बसते. सकाळच्या थंडीत सुई धरवत नाही. आधी तळहातावर चोळून तिच्यात ऊब आणावी लागते. समोरच्या रस्त्याने वेचायला निघालेल्या बाया जातात, कोणी खोकत, कोणी भांडत, कोणी तंबाखू मळत. त्यांच्या अंगावरचे ते उसने सदरे पाहिले की मला माझी शाळा आठवते आणि तो एक हिवाळा आठवतो. रागानेच आठवतो. शाळेच्या नियमाविरुद्ध पत्रकं लिहून लिहून माझी भाषा खरखरीत झाली, असं सभ्य माणसं मला सांगतात. थंडीत खरखरीत कापडच अंगाला बरं असतं, असं मी त्यांना सांगते.

स्वराज्य आलं तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन गावच्या शाळेत जात होते. आम्हाला सांगण्यात आलं, आता देश आपला. आता प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक कामाला मान. पुढे काही वर्षांनी तालुक्याच्या गावी सरकारने नव्या धर्तीचं हायस्कूल उघडलं. नुसतं पुस्तकी नव्हे. तिथे शिवण होतं, कर्तन होतं, नक्षी होती, आणि त्यातून पोटाचा धंदा कसा उभा करायचा याचे धडे होते. शिवणाचा वर्ग सरकी काढणाऱ्या जिन-प्रेसच्या कारखान्याशेजारच्या एका रिकाम्या गोदामात भरे. टिनाचं छप्पर. भिंतींच्या फटींत कापसाचे जुने पुंजके अडकलेले, आणि कितीही झाडलं तरी सरकीच्या तेलाचा वास काही जात नसे. पायमशिनी ओळीने मांडलेल्या. सगळ्या एकदम चालू झाल्या की टिनावर गारा पडाव्यात तसा आवाज होई आणि मास्तर फळ्याजवळून नुसते ओठ हलवताना दिसत.

पलीकडे प्रेसमध्ये आमच्याच शेतांतला कापूस दाबून त्याच्या गाठी होत. त्या रेल्वेने जात. मग महिन्यांनी तोच कापूस ताग्याच्या रूपाने परत येई आणि आमच्यापुढे टेबलावर पडे. आम्ही तो कापायला शिकत होतो. मला हे फार थोर वाटे. अजूनही वाटतं. मास्तर कात्री लावण्याआधी डोळे मिटून कापडावरून तळहात फिरवीत, आडवा धागा कुठला आणि उभा कुठला ते नुसत्या स्पर्शाने ओळखीत, आणि आम्हा सगळ्यांना तसंच करायला लावीत. वर्गात मग एवढी शांतता होई की शेजारच्या जिनाचा पट्टा फिरताना ऐकू येई. शाळा चांगली होती. म्हणून तर मी तिच्यावर एवढी चिडते. वाईट शाळेवर कोण वेळ घालवतो?

मी आत्याकडे राहून शिकत असे आणि शनिवारी मोटारीने रिठदला येई. गावात आमच्या शाळेचं नाव पडलं होतं, फॅशनची शाळा. मोटारीतून उतरले की पारावरून मोठेबाबांची, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची, हाक ठरलेली.

"काय वं गोदे, आज कोनती फॅशन शिकवली मास्तरनं?"

"काज करायला शिकवले, मोठेबाबा."

"म्हन्जे भोकं पाडाले! त्याले सरकारची शाळा कायले पाह्यजे? घरी उंदरं हायेतच की."

सगळा पार हसे. मीही हसे. तेव्हा हसायला फार लागत नसे.

त्या शाळेत एक भिंत मात्र होती, आणि ती विटांची नव्हती. मुलींना शिकवत झबलं, टोपडं, फ्रॉक, पोलकं आणि रुमालाच्या कोपऱ्यात गुलाब. गुलाब इतके भरले की झोपेतही बोटं चालत. आणि खरं गुलाबाचं झाड मी तोवर पाहिलेलं नव्हतं. पऱ्हाटीचं पिवळं फूल भरू का, असं विचारलं तेव्हा नक्षीच्या बाई म्हणाल्या, "ते नमुन्यात नाही." मुलांना शिकवत सदरा, पायजमा आणि बंद गळ्याचा कोट. भिंतीवर मोठा तक्ता होता, त्यात छाती, कंबर, खांदा, मुंढा अशी मापं लिहिलेला एक सरळसोट पुरुष उभा होता. कोपऱ्यात लाकडी पायावर एक धड होतं, तेही पुरुषाचंच, हात नसलेलं. मुलांच्या दाखल्यावर लिहीत 'धंदा'. मुलींच्या दाखल्यावर 'घरगुती'. धंद्याचा दाखला मिळवला की दुकान टाकायला सरकारकडून पायमशीन मिळे. घरगुती दाखला मिळवला की तो पाहुण्यांना दाखवायचा, कांदेपोहे खाऊन होईपर्यंत.

मला पाहुणे नको होते. मला मशीन पाहिजे होती. केनवडच्या बाजारात चार कुडाच्या भिंती, दारावर माझ्या नावाची पाटी आणि आत ती काळी मशीन, तिच्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी. एवढंच मागणं होतं. एवढंच होतं म्हणूनच कदाचित कुणाला ते ऐकू गेलं नाही.

"मास्तर, मी धंद्याच्या परीक्षेला बसणार," मी एक दिवस सांगून टाकलं.

मास्तरांनी गळ्यातली फीत काढली, तिची गुंडाळी केली, पुन्हा सोडली. "कोट शिवावा लागतो."

"शिवीन."

"मापाला माणूस आणावा लागतो. त्याच्या अंगावरून माप घ्यायचं आणि परीक्षकांसमोर त्याच्याच अंगावर कोट घालून दाखवायचा. पुरुष लागेल, गोदावरी. कोण उभा राहील तुझ्यापुढे?"

"आणीन कोणीतरी. मुलींना बंदी आहे का नियमात?"

"नाही," ते म्हणाले. "मुलगी येईल असं नियम करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात जिवंत माणसाला फीत लावत नसत. बाजारातला शिंपी माप घेई ते जुन्या कपड्यावरून. सदरा पाहिजे तर जुना सदरा न्यायचा, चोळी पाहिजे तर जुनी चोळी पाठवायची. तो आपल्या जागेवरून उठतही नसे. अंगाचं माप घ्यायचं ते मेल्यावर, तिरडीचे बांबू तोडायला. जित्या माणसाचं माप घेतलं की त्याचं आयुष्य तेवढंच ठरतं, अशी समजूत. हसू नका. तुमच्याकडे दुसरी असेल.

माझा बाप भित्रा नव्हता. जागलीला तो एकटा शेतात झोपे आणि रानडुकरं आली तर नुसत्या काठीने हाकून लावी. पण मी अंगणात फीत काढली तेव्हा तो मागे सरकत सरकत गोठ्यापर्यंत गेला.

"बाबा, उभं तं राहा."

"नोको, नोको. ते आंगाले लावू नोको."

"काय होते लावलं तं?"

"माप कोनाचं घेतेत? मेलेल्याचं घेतेत. जुना सदरा देतो, त्याच्यावरून काढ."

"परीक्षेत जुना सदरा चालत नाही, बाबा. अंगावरूनच घ्यावं लागते."

"अन् तेबी लेकीच्या हातानं," मोठेबाबा खाटेवरून म्हणाले. "मंग तं पक्कंच झालं म्हना."

मी चुलतभावाला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं. एकाला मरणाची भीती, एकाला लोकांची लाज, एकाला बायकोची भीती. मी आज सरळ सांगते, मरण हे निमित्त होतं. खरी अडचण अशी की पुरुषाने गप उभं राहायचं, हात वर कर म्हटलं की वर करायचे, वळ म्हटलं की वळायचं. आणि हे सांगणार कोण, तर पोरगी. रानडुकराला कोणी भ्यालं नाही. याला भ्याले.

माय तेव्हा शेतातून आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, अंगावर बापाचा सदरा, दुमडलेल्या बाह्यांत कचरा. तिने गाठोडं ओट्यावर टाकलं आणि सगळं न विचारताच समजून घेतलं.

"मले लाव ते फीत."

"माय, कोट हाय. मानसाचा."

"मंग हे काय हाय?" अंगावरचा सदरा दोन बोटांनी उचलून तिने दाखवला. "हे बाईचं हाय काय?"

"अन् माप लावून मेली तं?" मोठेबाबा म्हणाले.

"मेली तं मेली. तिरडी तं मापाची होईन."

मोठेबाबा खाटेवरून उठून गेले. बाप गोठ्यात वैरण टाकायचं निमित्त करून थांबला आणि तिथूनच बघत राहिला.

गोठ्याच्या भिंतीशी ऊन पडलं होतं, तिथे माय उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिचं माप घेतलं जात होतं. मी लहानपणानंतर तिच्या अंगाला इतक्या जवळून हात लावलाच नव्हता. तिच्या अंगाला धुराचा, घामाचा आणि ओल्या कापसाचा वास येत होता. दंडावर ओरखडे, जुने पांढरट, नवे लाल. फीत त्यांच्यावरून गेली की ती श्वास आत ओढी. आणि तिचे खांदे सारखे नव्हते. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला होता, वर्षानुवर्षांच्या ओझ्याने. मी तो आकडा पुन्हा पुन्हा घेतला, कारण तक्त्यातल्या माणसाचे दोन्ही खांदे एका रेषेत होते आणि मला वाटलं माझंच काही चुकतंय. माझं चुकत नव्हतं. तक्त्यातल्या माणसाने कधी गाठोडं उचललं नव्हतं, इतकंच.

"गुदगुल्या होते वं!" माय ओरडली.

"सरळ उभी राह्य."

"तू मले सरळ उभी राह्य म्हनते? एवढी मोठी झाली काय?"

पण राहिली. आणि उभी राहिल्या राहिल्या तिने मला कोट सांगितला, जसा एखादा मालदार गिऱ्हाईक सांगेल तसा. "बाही मनगटाशी आवळ पाह्यजे, कचरा जाते. काखेत ढिला ठेव, हात वरतं गेला पाह्यजे. मांगून चीर पाह्यजे, नाही तं कासोट्यावर चढते. अन् आतून एक खिसा."

"आतून कायले?"

"तंबाखूची चंची ठेवाले. बाहेर ठेवली का तुहा बाप घेते."

गोठ्यातून बाप खाकरला.

ते कापड खाकी होतं, शाळेतून मिळालेलं, जाड आणि कांजी केल्यासारखं कडक. मी तक्ता पाहिला नाही. वर्गात मुलं आपापले कोट त्या लाकडी धडावर चढवून बघत होती. माझा त्याच्यावर चढवला तर छातीशी पोकळ राही आणि एका खांद्यावरून घसरे. मुलं हसली. मास्तरांनी कोट हातात घेतला, बाही जोडतात तो मुंढा उजेडात धरला, आतला खिसा उलटा करून बघितला, छातीच्या चुण्यांवरून अंगठा फिरवला.

"मुंढा सुरेख बसलाय," ते म्हणाले. मग थांबून, "कोणाचा आहे हा?"

"सांगू?"

"नको," मास्तर म्हणाले. "मला नको सांगूस." आणि काज करायला त्यांनी मला स्वतःच्या पेटीतला रेशमी दोरा दिला.

धंद्याची हाताची परीक्षा पौषातच उरकत, लेखी मग मार्चात. त्या सकाळी धुकं इतकं होतं की बैलबंडीतून उतरल्यावर शाळेचं गोदाम दिसायच्या आधी त्याचा वास आला. बंडी बापाने हाकली होती. मापाला उभा राहायला नाही म्हणाला, पण बायको-लेकीला एकटं पाठवेना. आमच्या पुरुषांचं प्रेम असं असतं, दारापर्यंत येतं. आत मुलांचे भाऊ, काका, मित्र नव्या कोटात ताठ उभे होते, फोटो काढायला उभं राहावं तसे. त्यांच्या ओळीत माझी माय जाऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, पायात पायताण, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, आणि अंगावर खाकी कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला.

गोदामात कोणीतरी हसायला सुरुवात केली. मायने त्या दिशेला बघितलं. हसणं थांबलं.

परीक्षक सभ्य होते. हे मी मुद्दाम लिहिते; दुष्ट माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं फार सोपं असतं. ते मायसमोर आले तेव्हा त्यांनी हात जोडले. मग चष्मा पुसून कोट पाहू लागले. "आजी, जरा हात वर करा," ते म्हणाले.

"आजी कोनाले म्हन्ता?" माय म्हणाली, पण हात वर केले. नुसते वर केले नाहीत. समोर पऱ्हाटी आहे असं धरून ती वेचू लागली. उजवा हात, डावा हात, कमरेच्या ओटीत टाकणं, वाकणं, पुन्हा वर. कोट कुठे ओढला गेला नाही, कुठे चढला नाही. गोदामात सगळे बघत होते. तेवढा वेळ मी पास होते.

"काम स्वच्छ आहे," परीक्षक म्हणाले. "पण बाळ, हा कोट मी कशात धरू? पुरुषी म्हणावा तर छातीला चुण्या आहेत. बायकी म्हणावा तर बायकांच्या कपड्यांत कोट येत नाही."

"येत नाही म्हणूनच शिवला."

"ते मला कळतंय." त्यांना खरंच कळत होतं, हेच वाईट. ते जरा घुटमळले आणि दाराकडे बघून म्हणाले, "तुझे वडील आलेत ना? त्यांच्या अंगावर घाल. थोडा कमी-जास्त बसेल, मी गुण कापीन, पण पास करीन. तुझा दाखला अडवायची माझी इच्छा नाही."

मागून मास्तर हळूच म्हणाले, "घाल, गोदावरी."

बाप दारातून आत आला. शिवून झालेल्या कोटाचं त्याला भय नव्हतं. त्याने हात पुढे केला. "आन इकडं. दोन मिन्टाचं काम हाय."

मायचा हात गळ्याच्या गुंडीवर गेला. तिने माझ्याकडे बघितलं.

"काढू काय, गोदे?"

मशीन मला त्या वेळी अगदी स्वच्छ दिसत होती. तिची वेलबुट्टी दिसत होती, तिचं चाक दिसत होतं. नकार देताना मला काही तेज वगैरे चढलं नव्हतं. पण बापाच्या अंगावर तो कोट गेला असता तर एवढंच सिद्ध झालं असतं की मी एक बिघडलेला पुरुषी कोट शिवला. छातीची चुणी चूक ठरली असती. आतला खिसा चूक ठरला असता. उतरलेला खांदा चूक ठरला असता. आणि पुरुषाचं उतरलेलं बाई घालते हे तर रोजचंच होतं. आता बाईच्या मापाचं पहिलंवहिलं कापडही तिच्या अंगावरून उतरवून पुरुषाला द्यायचं, आणि तेही मी, माझ्या हाताने.

"नको काढू," मी म्हटलं.

"विचार कर," परीक्षक म्हणाले.

"केला. तिचं माप आहे. तपासायचा तर तिच्या अंगावर तपासा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग मला काही करता येत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्या मुलाच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. तो पास झाला.

परतताना धुकं विरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास येत होता, आणि बाप बैलांशी बोलत होता. रागावला की तो बैलांशीच बोले.

"एवढी मशीन आली असती दारात. पन आमच्या घरच्या बायांले अक्कल जास्त."

"बैलांले काय सांगता?" माय म्हणाली. "त्याइनं थोडीच परीक्षा देली."

मायने आतल्या खिशातून चंची काढली, तंबाखू मळली, चंची परत ठेवली. खिसा बरोबर हाताशी येत होता.

"मी काढला असता वं," ती हळूच म्हणाली. "तू म्हनली असती तं."

"माहीत हाय मले."

"मंग काहून नाही म्हनली?"

पत्रकात उत्तरं पटापट सुचतात. बंडीत सुचत नाहीत. "तुले थंडी वाजली असती," मी म्हटलं. माय इतकी हसली की बापाने वळून बघितलं.

दुसऱ्या सकाळी ती कोट घालून वेचायला गेली. शेतातल्या बायांनी तिला उभं करून फिरवून पाहिलं. बाही ओढून पाहिली, खिशात हात घालून पाहिला. "मलेबी शिवून देजो, गोदे," त्या म्हणाल्या, पण माप द्यायला एकही पुढे आली नाही. त्या थांबल्या होत्या. कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. माय मरते का ते बघायला. होळी झाली, माय मेली नाही. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, माय मेली नाही. उलट जोराने भांडू लागली. पुढल्या हंगामाला बोंडं फुटायच्या आधी बाया आमच्या अंगणात ओळीने आल्या, कोणी मांजरपाट घेऊन, कोणी जुनं धोतर घेऊन, आणि गोठ्याच्या भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, लाव. एकीचेही दोन्ही खांदे सारखे नव्हते.

तेव्हापासून मी शिवते आहे. हाताने. आणि याचं कौतुक करायला येणाऱ्यांना मी हाकलते. हाताने शिवण्यात थोर काही नाही. बोटं सुजतात, डोळे दुखतात, आणि मशिनीवर एका बैठकीत व्हावा असा कोट बाजारामागून बाजार रेंगाळतो. मला त्यागाच्या गोष्टी सांगू नका. मला मशीन पाहिजे. ती माझी आहे. मी ती कमावली होती. बाप अजून मापाला उभा राहत नाही. त्याचे सदरे मी जुन्या सदऱ्यावरून कापते आणि ते त्याला खांद्यात बसत नाहीत. मी ते मुद्दाम करत नाही, असं त्याला सांगते.

यंदा पत्रक छापून मी शाळेत गेले. मागणी एका ओळीची आहे: बाईच्या मापाचा कोट परीक्षेत धरा आणि तो शिवणारीला धंद्याचा दाखला द्या. हेडमास्तरांनी पत्रक दोनदा वाचलं.

"पण तुझं तर चाललंय की," ते म्हणाले. "तुझं काय अडलंय?"

"माझं चाललंय म्हणून तुमचा नियम बरा होत नाही."

"वर पाठवतो."

"वर म्हणजे कुठे?"

त्यांनी छताकडे बघितलं. माझ्या परीक्षेच्या वेळी आम्ही मध्य प्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आलो. राज्य बदललं, राजधानी बदलली, कागदावरचा शिक्का बदलला. तक्त्यातला तो सरळसोट माणूस तिथेच आहे. नुसता पिवळा पडलाय.

पण गेल्या बाजाराला एक पोरगी माझ्या पोत्यापाशी येऊन बसली. सुभद्रा तिचं नाव, मेडशीची सून, लग्न होऊनही शाळा न सोडलेली. बोटांच्या टोकांवर सुईची भोकं. ती यंदा धंद्याच्या परीक्षेला बसते आहे.

"मापाला कोण?" मी विचारलं.

"माही सासू."

मी सुई खाली ठेवली. "सासू तयार झाली?"

"तयार काय ताई, तिनंच मले ढकललं. म्हने, सासऱ्याचे सदरे घालू घालू आंग सोलून निंगालं. आता मले एक माह्या मापाचा पाह्यजे, अन् खिसे दोन पाह्यजे."

मी तिला सगळं सांगितलं. परीक्षक कसे गोड बोलतील ते सांगितलं, मागून मास्तर काय म्हणतील ते सांगितलं, नको म्हणताना मशीन कशी डोळ्यांपुढे उभी राहते तेही लपवलं नाही. "ते म्हणतील, काढ आणि सासऱ्यांच्या अंगावर घाल. तेव्हा काय करशील?"

सुभद्राने पदराने नाक पुसलं.

"मी कायले काही करू? त्याइलेच म्हनीन, तुमीच काढा. माही सासू हाय ते. तिच्या आंगावरचं काढून दाखवा."

परीक्षा सोमवारी आहे.